दुकान चालवणाऱ्याचं, जागा सगळ्यांची: मडगावच्या एका तांब्या-पितळेच्या दुकानाचं प्रकरण

मडगावच्या जुन्या बाजारातलं हे दुकान आजही उघडं आहे. २०२१ च्या पावसाळ्यात त्याचे मालक वारले, तेव्हा वर्षाच्या आत तिथे कपड्यांचं शोरूम येणार असं बाजारात सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. तसं झालं नाही, पण सगळं सुरळीतही झालं नाही. या घराचे हिशेब बरीच वर्षं माझ्याकडे आहेत आणि वाटणीच्या बोलणीत मी पहिल्यापासून बसलो होतो. कुटुंबाच्या संमतीने लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील बदललेले आहेत.

लिहायचं कारण एकच. गोव्यातली जुनी दुकानं गिऱ्हाईक आटलं म्हणून बंद पडतात, असं आपण सहज बोलून जातो. मी जवळून पाहिलेली बरीचशी दुकानं चालू असताना, नफ्यात असताना बंद पडली. मालक गेल्यावर कपाटातले कागद बाहेर निघाले आणि तेव्हा घरच्यांना कळलं की दुकान चालवणारा आणि दुकानाचा धनी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अशी पेढी मोडताना पाहणं मला फार जड जातं. या दुकानाने तो घाट कसा ओलांडला, ते सविस्तर सांगण्यासारखं आहे.

पार्श्वभूमी

मुरगाव बंदरापासून कॅसलरॉकपर्यंतचा लोहमार्ग १८८८ मध्ये पुरा झाला आणि घाटावरून मडगावात माल उतरवणं सोपं झालं. त्यानंतर काही वर्षांनी सध्याच्या पिढीच्या पणजोबांनी हे दुकान थाटलं. मंगळुरी कौलांची दुमजली इमारत, खाली दुकान, मागच्या परसात कल्हईची भट्टी, वर राहतं घर. वर जायचा जिना दुकानाच्या आतून, गल्ल्याच्या मागून चढतो. हा जिना लक्षात ठेवावा.

दुकानाच्या जुन्या वह्या मी पाहिल्या आहेत. सुरुवातीचे आकडे पोर्तुगीज अमलातल्या रुपया आणि टांगा या नाण्यांत, १९५८-५९ च्या बदलानंतर एस्कुदो या पोर्तुगीज चलनात आणि मुक्तीनंतर पुन्हा रुपयांत. एका पानावर आजोबांनी सहा एस्कुदोंना एक रुपया असा हिशेब समासात मांडून ठेवला आहे. मुक्तीआधी भारताने गोव्याची नाकेबंदी केली, त्या वर्षांत तिकडून पत्रा येईना, तेव्हा त्यांनी घरोघरची मोड, म्हणजे जुनी-तुटकी भांडी, विकत घेतली, डिचोलीच्या कांसारांकडून ती घडवून घेतली आणि दुकान चालू ठेवलं. मोड घ्यायची, तिचं वजन नव्या भांड्यातून वळतं करायचं आणि वर मजुरी लावायची, हा या धंद्याचा कणा तेव्हाही होता, आजही आहे.

गिऱ्हाईक हंगामाप्रमाणे बदलतं. लग्नसराईत हंडा, कळशी, परात, समई. चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आधी ताम्हण, पंचारती, निरांजनं आणि घुमट-समेळ या वाद्यांच्या साथीची कासाळी, म्हणजे झांजा. आरती म्हणणारी पोरं दुकानात उभी राहून एकेक जोडी वाजवून पाहतात आणि मगच घेतात. देवळांचे महाजन समया आणि घंटा नेतात. काजूचा हंगाम मार्चच्या सुमाराला सुरू होतो, त्याआधी केपे, सांगे, काणकोणकडचे फेणी गाळणारे भट्टीवाले ऊर्ध्वपातनाचं तांब्याचं भाण घ्यायला किंवा सांधून घ्यायला येतात. काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण या दुकानात भट्टीवाल्यांची ये-जा त्याच्या कितीतरी आधीची आहे. समई नेणारा आणि भट्टीचं भाण नेणारा, दोघांचीही खाती एकाच वहीत.

पुढे घराघरांत गीझर आले आणि आंघोळीचं पाणी तापवायचं मोठं भाण गेलं. स्टीलने स्वयंपाकघर घेतलं. वडिलांनी काळ ओळखून स्टील ठेवायला सुरुवात केली आणि ते वाढत वाढत निम्म्या दुकानात पसरलं. तेच स्टील आता कुठेही मिळतं, आणि गाडी लावायला जागा असलेल्या दुकानात गिऱ्हाईक ते आनंदाने घेतं. तरी दुकान तोट्यात नव्हतं. थोरल्या मुलाचं घर त्यावर नीट चालत होतं.

अडचण

वडिलांनी मृत्युपत्र केलं नव्हतं. पेढी त्यांच्या एकट्याच्या मालकीची. अशी पेढी कायद्याच्या नजरेत मालकाबरोबरच संपते. चालू खातं बँकेने गोठवलं. पालिकेचा परवाना त्यांच्या नावे, जीएसटी नोंदणी त्यांच्या नावे. थोरला मुलगा शाळा सुटल्यापासून गल्ल्यावर बसत आलेला. पण तो भागीदार नव्हता आणि पगारीही नव्हता. कागदावर तो त्या दुकानाचा कुणीच नव्हता.

गोव्यात वारसाहक्काची रीत देशाच्या इतर भागांहून वेगळी. १८६७ ची पोर्तुगीज दिवाणी संहिता इथे १८७० पासून लागू झाली. वारसाहक्काचा तिचा भाग आता राज्याच्या २०१२ च्या कायद्यात आला आहे आणि तो कायदा २२ डिसेंबर २०१६ पासून अमलात आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची सगळी मालमत्ता दोघांची, निम्मी-निम्मी. एकजण गेला की दुसऱ्याचा अर्धा तसाच राहतो आणि गेलेल्याचा अर्धा मुलांत सारखा वाटला जातो. मुलगा-मुलगी असा भेद नाही. हा भेद इथे पिढ्यान् पिढ्या नाही, याचा मला गोमंतकीय म्हणून अभिमान आहे.

या घरात आई हयात, मुलं चार: थोरला, फोंड्याला दिलेली ताई, पुण्यात नोकरी करणारा धाकटा, बेळगावला दिलेली धाकटी बहीण. आईचा अर्धा, प्रत्येक मुलाचा आठवा हिस्सा. त्या आठव्यातही जावई-सुनांचा निम्मा हक्क, कारण त्यांच्याही लग्नांना तीच रीत लागू. म्हणजे विकायचं असो वा ठेवायचं असो, नऊजणांच्या सह्या. ज्या दुकानावर थोरल्याचं सगळं आयुष्य उभं होतं, त्यात त्याचा आणि वहिनीचा मिळून आठवा हिस्सा.

बारावं-तेरावं उरकून महिना होतो न होतो तोच धाकट्याकडे एक प्रस्ताव आला. तयार कपड्यांच्या एका कंपनीला इमारत हवी होती, विकत किंवा लांब मुदतीच्या भाड्याने. रक्कम ऐकून थोरल्याची झोप उडाली. दुकानाच्या नफ्यातून ती रक्कम त्याच्या हयातीत उभी राहणार नव्हती.

पहिला निर्णय: दुकान उघडं ठेवायचं का

वाटणी व्हायला वर्षं लागू शकतात. तोवर कुलूप लावलं तर जुनं गिऱ्हाईक दुसरीकडे लागतं आणि परत येत नाही. नव्या जीएसटी नोंदणीसाठी थोरल्याला जागेचा पुरावा हवा होता आणि जागा सगळ्यांची. त्यामुळे आई आणि भावंडांची संमतिपत्रं लागली. मी आग्रह धरला की सह्या घेतोच आहोत तर त्याच बैठकीत एक साधा कागद करू: वाटणी होईपर्यंत दुकान थोरल्याने चालवावं, त्या काळातला नफा-तोटा त्याचा, आणि आज दुकानात जो माल आहे त्याची यादी आजच सगळ्यांसमोर व्हावी.

धाकट्याला ते अविश्वासाचं वाटलं. "घरातल्या घरात यादी कसली?" ताई म्हणाली, "यादी असली की कुणाला कुणावर संशय घ्यावा लागणार नाही." ताईचं ऐकलं ते बरं झालं. पुढचं सगळं त्या यादीवर तरलं.

मालाचं वजन

यादीला दोन दिवस लागले. माळ्यावरून, जिन्याखालून, परसातल्या खोपीतून भांडी निघत राहिली. आजोबांच्या काळातले ठोक्याचे, म्हणजे हाताने ठोकून घडवलेले हंडे, कान तुटलेल्या घागरी, कुणीतरी मोडीत घालून गेलेल्या आणि कधी वितळवायला न गेलेल्या समया, एक प्रचंड तपेलं, ज्यात दोन लहान मुलं बसली असती. काळवंडलेली, काही हिरवी पडलेली. धाकटा म्हणाला, "हे भंगार मोजून काय करायचं?" थोरल्याने काही न बोलता एक घागर काट्यावर ठेवली, त्या दिवसाचा मोडीचा भाव सांगितला आणि गुणाकार केला. धाकटा खाली बसला आणि पुढची घागर त्याने स्वतः उचलून दिली.

मग वाद उठला तो दर कुठला धरायचा यावर. ठोक्याचा हंडा मोडीच्या भावाने धरला तर त्यातली कांसाराची मजुरी शून्य होते. विक्रीच्या भावाने धरला तर जो माल कधी विकला जाईल ठाऊक नाही, त्याचे पैसे थोरल्याने आज भावंडांना द्यायचे. शेवटी ठरलं असं: बिल असलेला नवा माल खरेदीच्या दराने, जुना सगळा मोडीच्या दराने. तेव्हा ते सगळ्यांना न्याय्य वाटलं.

समोरचे पर्याय

विकून मोकळं होणं हा पहिला. धाकट्याचा कल तिकडे. त्याच्या बाजूने बोलायचं तर त्याच्यावर पुण्यातल्या घराचं कर्ज होतं, आणि आठवा हिस्सा अडकवून ठेवायचा तो का, हा त्याचा प्रश्न रास्त होता. प्रश्न आईचा होता. ती वरच्या मजल्यावर राहते, कोंबच्या विठ्ठलाच्या दिंडीला चालत जाते, बाजारातल्या प्रत्येक पसरकाराला, म्हणजे किराणावाल्याला, नावाने ओळखते. "मला फ्लॅटात नेऊन ठेवा आणि मग काय ते करा" इतकंच ती बोलली. पण ते ऐकल्यावर विक्रीचं बोलणं थंडावलं.

दुसरा पर्याय थोरल्याने स्वतः काढला, आणि मला तो सर्वांत धोक्याचा वाटला: पुढचा गाळा कंपनीला भाड्याने द्यायचा, आपण मागच्या परसाकडे सरकायचं. जुनं गिऱ्हाईक मागेही येईल, असं त्याला वाटत होतं. महाजन आले असते, भट्टीवालेही आले असते. पण चवथीच्या गर्दीत रस्त्यावरून जाता जाता निरांजन घेणारी बाई परसात येत नाही. शिवाय भाडं नऊजणांत वाटलं जाणार, त्यात त्याच्या वाट्याला आठवा हिस्सा, आणि धंद्याचं दर्शनी तोंड गेलेलं. त्याने आणि वहिनीने चवथीच्या महिन्याची विक्री वहीतून काढून पाहिली, तेव्हा हा विचार मागे पडला.

तिसरा पर्याय वकिलांनी सुचवला. दुकान आईच्या अर्ध्या हिश्श्यात घालायचं, म्हणजे थोरल्याला कुणाला रोख द्यावी लागणार नाही. ऐकायला सोपा. पण आईनंतर तीच वाटणी पुन्हा, आणि तेव्हा मध्यस्थी करायला आई नसेल. थोरल्याचं वय तेव्हा काय असेल, हा विचारही होताच.

चौथा: दुकान थोरल्याने आपल्या हिश्श्यात घ्यायचं आणि आठव्या हिश्श्याहून जितकं जास्त येतं तितकी रक्कम भावंडांना द्यायची.

हक्कसोडीचा पेच

इथे एक प्रसंग आला, जो गोव्यातल्या कितीतरी घरांत येतो. धाकटी बहीण बेळगावहून आली आणि म्हणाली, "मला काही नको. माझा हिस्सा दादाला द्या, कुठे सही करायची सांगा." सगळ्यांना गहिवरून आलं. पण वारसा नाकारायचा तर तो पूर्ण नाकारावा लागतो. अमुक वस्तूपुरता, अमक्याच्याच नावे, अटीवर नाकारता येत नाही. नाकारलेला हिस्सा बाकीच्या मुलांकडे सारखा जातो. म्हणजे तिच्या सहीने दादाला जेवढं मिळालं असतं, तेवढंच विक्रीच्या बाजूला असलेल्या धाकट्यालाही मिळालं असतं. दादालाच द्यायचं तर बक्षीसपत्र किंवा हिश्श्याची विक्री, आणि त्यावर तिच्या नवऱ्याचीही सही.

तिला हे समजावल्यावर ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मग माझं मला द्या. सवडीने द्या, पण द्या." मला ते अधिक बरं वाटलं. भावाच्या प्रेमापोटी बहिणीने सगळं सोडायचं आणि पुढे आयुष्यभर माहेरी पाहुणी म्हणून यायचं, यावर कुठलंही दुकान उभं राहू नये.

काय केलं

मडगावच्या दिवाणी न्यायालयात इन्व्हेंटरी दाखल झाली. यात मालमत्तेची यादी होते, मूल्यांकन होतं आणि एकमत नसेल तर वारसांमध्येच बोली लागते. आमच्याकडे त्याला अजूनही लिसितासांव म्हणतात. जो जास्त बोली लावेल त्याला वस्तू, आणि इतरांना त्यांच्या हिश्श्याचे पैसे. बोली वारसांपुरती असली तरी वारसाच्या पाठीशी पैसा कुणाचा, हे कुणी विचारत नाही. कपड्यांच्या कंपनीने धाकट्याला तसं सुचवलंही होतं. ते त्याने आम्हाला स्वतः सांगितलं, हा त्याचा मोठेपणा. बोली लागली असती तर थोरला एका फेरीत बाहेर पडला असता. म्हणून बोलीच्या आधी संमतीची वाटणी व्हायलाच हवी होती.

कागद गोळा करणं हेच मोठं काम ठरलं. शहर सर्वेक्षणातला चलता नंबर एका आकाराचा, जुन्या नोंदणीतलं वर्णन दुसऱ्या आकाराचं, मात्रिझ, म्हणजे पोर्तुगीज काळापासूनची जमीन-कराची नोंद, अजून पणजोबांच्या नावावर. म्हणजे त्याआधीच्या पिढीची वाटणीही कागदावर नीट उतरलेली नव्हती. एका चुलत घराण्याचा हक्क खरंच संपला होता का, हे शोधण्यात वर्षाहून जास्त काळ गेला. सुदैवाने आजोबांच्या वेळचा एक दस्त सापडला.

केप्याला कुटुंबाचं भाट, म्हणजे बागायत होती, माडांची. धाकट्याचं लहानपण सुट्टीत तिथे गेलं होतं. ताईने विचारलं, "तुला पैसे हवेत, की तुला काहीतरी आपलं हवंय?" बोलणी तिथून फिरली. शेवटी ठरलं ते असं: खालचं दुकान, परस आणि सगळा माल थोरल्याला. भाटाचा रस्त्याकडचा भाग धाकट्याला. वरचा मजला, उरलेलं भाट आणि ठेवींचा बराचसा भाग आईला तिच्या अर्ध्यापोटी. बहिणींना दागिने, थोडी रोख आणि उरलेली रक्कम थोरल्याकडून हप्त्यांनी. हप्ते थकले तर दुकानाच्या जागेवर त्यांचा बोजा. बोज्याची ही अट थोरल्याने स्वतःहून घातली.

धंद्यातले बदल

पहिला हप्ता उभा करायला थोरल्याने स्टीलचा साठा कमी दरात काढून टाकला. हे त्याने नाइलाजाने केलं, पण दुकानाला त्याने चेहरा परत दिला. मोकळ्या झालेल्या फळ्यांवर माळ्यावरचे ठोक्याचे हंडे घासूनपुसून आले. लोक थांबून बघू लागले.

दुसरा बदल वहिनीचा. गिऱ्हाईक तांब्याचं भांडं घ्यायला कचरतं ते कल्हईच्या भीतीने. आमचं जेवण सोलं-चिंचेशिवाय होत नाही, आणि कल्हई गेलेल्या भांड्यात आंबट शिजवलं की कळकतं. पूर्वीचा कल्हईवाला वयामुळे यायचा थांबला होता. वहिनीने डिचोलीकडचा एक तरुण शोधला आणि आठवड्याचा एक वार ठरवून टाकला. त्या दिवशी परसातली भट्टी पेटते. भांडं निखाऱ्यांवर तापलं की नवसागराची चिमूट पडते, पांढऱ्या धुराचा लोट उठतो, कथिलाची कांडी आत टेकताच पाघळते आणि कापसाच्या बोळ्याचा हात एका दमात तळभर फिरतो. डोळ्यांदेखत काळं तळ चांदीसारखं होतं. मग पाण्यात बुडवलं की चर्रकन आवाज. लोक भांडं टाकून निघून जात नाहीत, उभे राहून बघतात, आणि जाताना बऱ्याचदा काहीतरी घेऊन जातात. वहिनीने कल्हईची वेगळी वही ठेवली: कुणाचं भांडं, केव्हा कल्हई केली, पुन्हा केव्हा लागेल. मुदत आली की फोन जातो.

तिसरा बदल म्हणजे मोठी भांडी भाड्याने देणं. ते प्रचंड तपेलं आता देवळांच्या महाप्रसादांना जातं.

काय झालं

दुकान चालू आहे. हप्ते आजवर वेळेवर गेले आहेत. विक्री वाढली असं मी म्हणणार नाही, पण विक्रीतला तांब्या-पितळेचा वाटा वाढला आणि त्यात मजुरी सुटते, त्यामुळे हातात राहणारं बरं आहे. आई वरच्या मजल्यावर आहे. बहिणी चवथीला येतात.

कडवटपणा एका जागी राहिला. मोडीचा दर ज्या दिवशी धरला, त्यानंतर तांब्याचा भाव बराच चढला. थोरल्याने जुन्या मोडीतला काही भाग चढ्या भावाने विकला आणि त्यातून हप्ता भरला. धाकट्याला हे कळल्यावर त्याने फोनवर एवढंच म्हटलं, "तेव्हा मीच घागरी उचलून देत होतो." थोरल्याचं म्हणणं, भाव पडला असता तर तोटा मीच सोसला असता. दोघंही आपापल्या जागी खरे आहेत, आणि दोघांचं बोलणं अजून पूर्वीसारखं नाही.

शेजारच्या इमारतीतून भट्टीच्या धुराबद्दल तक्रार आली. आता कल्हई दुपारच्या आत उरकतात. पुढे शहरात हे किती काळ चालेल, याची मला चिंता आहे. मागची मोकळी परसं भरत चालली आहेत.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात मोठी गोष्ट वडिलांच्या हातात होती. त्यांचा अर्धा हिस्सा; त्यातल्या अर्ध्याबद्दल, म्हणजे एकूण मालमत्तेच्या चौथ्या हिश्श्याबद्दल, ते मृत्युपत्र करू शकत होते. बाकीचा मुलांसाठी राखीव असतो, त्याला हात लावता येत नाही. तो चौथा हिस्सा त्यांनी थोरल्याला दिला असता तर त्याच्याकडे सोळापैकी दोनऐवजी पाच भाग आले असते आणि हप्त्यांचा भार पुष्कळ हलका झाला असता. पण त्यामुळे बाकीच्या प्रत्येकाचे दोनाचे एक झाले असते. म्हणून असं मृत्युपत्र चारही मुलांना समोर बसवून, कारण सांगून करावं. कपाटात सापडलेल्या मृत्युपत्राने घरं फुटलेली मी पाहिली आहेत. हयातीत बक्षीस दिलं तरी तेही पुढे वाटणीच्या हिशेबात धरलं जातं, हे लोक विसरतात.

मृत्युपत्राहून सोपी गोष्टही झाली नव्हती. थोरल्याला, आणि त्याच्यासोबत आईला किंवा वहिनीला, वेळीच भागीदार करून घेतलं असतं आणि एक भागीदार गेला तरी पेढी चालू राहील असं कलम घातलं असतं तर धंदा, खातं, माल, परवाना हे सगळं मालकाच्या मृत्यूने थांबलं नसतं आणि वाटणी फक्त वडिलांच्या भागाची आणि जागेची राहिली असती. इतकी वर्षं गल्ल्यावर बसलेल्या माणसाचा श्रम कुठल्याच वहीत नव्हता. भागीदारीपत्राला खर्च तो किती! पण बापाच्या हयातीत मुलाने ते मागणं आपल्याकडे वाईट दिसतं आणि बापाला ते सुचत नाही. हे बोलणं हिशेबनीसाने किंवा वकिलाने काढावं. आता मी माझ्याकडच्या प्रत्येक जुन्या पेढीत ते काढतो.

मोडीच्या दराबाबत एक कलम पुरलं असतं: अमुक वर्षांच्या आत जुना माल मोड म्हणून विकला तर वाढलेल्या भावाचा वाटा सगळ्यांचा, भांडं म्हणून विकला, भाड्याने दिला तर थोरल्याचा. त्यामुळे जुने ठोक्याचे हंडे वितळवण्याऐवजी टिकवायलाही कारण मिळालं असतं. काही सुंदर घागरी त्या हप्त्यापायी भट्टीत गेल्या, याचं मला खरंच दुःख आहे.

आणि जिना. वाटणीत वरचा मजला आईचा, खालचं दुकान थोरल्याचं, पण वर जायची वाट दुकानातून. वाटणीच्या कागदात वाटेचा हक्क नोंदला आहे, तेवढ्यावर आज भागतं, कारण जिन्यावरून जाणारी आई आहे. आईनंतर वरचा मजला पुन्हा चौघांचा होईल. तिथे कुणी भाडेकरू ठेवला किंवा हिस्सा विकला, तर परका माणूस दिवसातून दहा वेळा गल्ल्याच्या मागून जाणार. आईने तिच्या हाती असलेल्या भागाचं मृत्युपत्र विशेष नोटरीकडे केलं आहे आणि ते चौघांनाही वाचून दाखवलं आहे, तरी त्याने जिन्याचा प्रश्न सुटत नाही. परसाच्या बाजूने बाहेरून जिना काढायचा तर कल्हईच्या भट्टीची निम्मी जागा जाते. थोरला त्याला तयार नाही, ताई म्हणते आईच्या हयातीतच करून टाका. नकाशा काढून झाला आहे. पालिकेत अर्ज करायचा की नाही, यावर येत्या चवथीला सगळे जमले की बोलायचं ठरलं आहे.